घोडी आत बांधायची की बाहेर

दिवाळी झाली की आमच्या घरात एकच वाद सुरू होतो. घोडी आत बांधायची की बाहेर. नेरळजवळचं आमचं अख्खं पोशीर गाव भात झोडून वाल पेरायच्या घाईत असतं आणि आमचे हे ताडपत्री शोधत फिरत असतात.

ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं माथेरानला घोडे चालवण्यात घालवली. गुडघे गेले तेव्हा धंदा सोडून खाली आले आणि येताना शेवटची घोडी घेऊन आले. तांबडी, वय झालेली, स्वभावाने गरीब. तिच्यावर आता कोणी बसत नाही आणि तिला विकायचीही नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं. माझी त्याला काही हरकत नव्हती. मी सकाळी अंगणात आले की ती मान वळवून बघते. एवढंही माझी मुलं करत नाहीत, दोघंही बायकांच्या मोबाइलवरून माझी खुशाली विचारतात.

तर ही घोडी गेल्या हिवाळ्यात खोकायला लागली. आधी सकाळी एकदा-दोनदा, मग दिवसभर. दाणे खाताना थांबायची, मान खाली घालून खोकायची आणि मग तिच्या बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या हलत राहायच्या. ह्यांनी लगेच निदान केलं, थंडी बाधली. मग गोठ्याच्या खिडकीला गोणपाट ठोकलं. दाराला ताडपत्री लावली. कौलांच्या फटीत पेंढा कोंबला. डास चावतात म्हणून कडुलिंबाचा पाला आणि शेण्या घालून रोज संध्याकाळी धुरी. आत गेलं की माझ्याच डोळ्यांतून पाणी यायचं. घोडी आणखी खोकायची आणि हे आणखी एक गोणपाट ठोकायचे.

सल्ला देणाऱ्यांना तर ऊत आला होता. माथेरानच्या जुन्या दोस्तांना ह्यांनी एकेक करून फोन लावले. एकाने ओवा सांगितला, एकाने गूळ आणि हळद, एकाने छातीला मोहरीचं तेल चोळायला सांगितलं. माझे चुलत दीर येऊन घोडीकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि नजर लागली म्हणून सांगून गेले, जाताना चहा पिऊन. थोरल्या मुलाने फोनवर व्हिडिओ पाठवला, परदेशातले घोडे गुडघाभर बर्फात मजेत उभे. मी तो मुद्दाम ह्यांच्या नाकासमोर धरला.

"ती विलायती घोडी हाय," हे म्हणाले. "आपली नेरळची हाय."

मी मोबाइल बंद केला.

शेवटी मीच कर्जतहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण माणूस, सरळ बोलणारा. त्यांनी घोडीची छाती तपासली, मग गोठ्यात आत जाऊन उभे राहिले आणि पाच मिनिटांत खोकत बाहेर आले. "काका, इथे मी आठवडाभर राहिलो तर मलाही दमा होईल," ते म्हणाले. पेंढ्याची धूळ, त्यावरची बुरशी, वरून धूर, हे सगळं तिच्या फुप्फुसांत जातंय. औषधाने चार दिवस बरं वाटेल. पण तिला दिवसरात्र मोकळ्या हवेत ठेवली नाही तर पुढचा हिवाळा ती काढणार नाही. वर नुसतं छप्पर असलं तरी पुरे, भिंती नकोत. दवाने घोडं मरत नाही.

हे सगळं ऐकून ह्यांनी मान डोलावली. डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडून आले. आणि संध्याकाळी घोडी आत बांधून धुरी पेटवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर मी कानीकपाळी ओरडले. एकदा हे नेरळच्या बाजाराला गेलेले असताना मी स्वतः तिला सोडून मागच्या आंब्याखाली बांधली, वालापर्यंत तोंड पोहोचणार नाही एवढी दोरी मोजून. दुपारभर ती एकदा खोकली. हे आले, पिशवी ओट्यावर ठेवली, घोडी सोडली आणि आत नेली. मी म्हटलं, अहो, डॉक्टर शिकलेला माणूस आहे. तर म्हणाले, "त्याचं घोडं गेलंय का कधी थंडीनं? माझं गेलंय."

इथे माझं तोंड बंद व्हायचं. दर वेळी इथेच बंद व्हायचं.

कारण त्यांचं घोडं थंडीने गेलेलं नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ह्यांनी स्वतःचा पहिला घोडा घेतला होता, पांढरा. मळणीच्या दिवसांत दोन दिवस मदतीला म्हणून त्याला घेऊन खाली आले. गोठ्यात बैल होते, म्हणून घोडा अंगणात बांधला. त्या वर्षी भात असं पिकलं होतं की खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मला भारी कौतुक. आपलं भात, आपला घोडा. संध्याकाळी सगळे खळ्यात असताना मी त्याच्यापुढे नवं भात ओतलं. एक सूप. त्याने आवडीने खाल्लं म्हणून दुसरं. मग तिसरं. सकाळी उठून बघतो तो घोडा आडवा, पोट टम्म फुगलेलं, आणि गेलेला.

सासूबाई म्हणाल्या, दवात बांधला, थंडी बाधली. सगळ्या आळीने तेच म्हटलं. हे उंबऱ्यावर बसून म्हणाले, मी बाहेर बांधला. मला तेव्हाच माझी तीन सुपं आठवली होती. पण सासूबाईंची भीती, तशी नवीच सून, काय बोलणार. मग वर्ष गेलं, मग दहा गेली. पुढे गावात जनावरांचं शिबिर झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की एकदम एवढं धान्य खाल्लं की घोड्याचं पोट फुगतं आणि तो मरतो. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

ह्या माणसाच्या हट्टाला मी आयुष्यभर नावं ठेवली आणि तो हट्ट माझ्याच सुपातून सांडलेला होता.

ह्या वर्षी कार्तिकात पुन्हा गोणपाटं निघाली. घोडी आता चार पावलं चालली तरी धापा टाकायची. दुपारी हे शिडीवर चढून खिळे ठोकत होते, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि आतून तिचा खोकला ऐकू येत होता. मला ते सहन होईना.

"खाली उतरा," मी म्हटलं. "तुमचा पांढरा घोडा थंडीनं नाही गेला. मी त्याला नवं भात घातलं होतं."

ते उतरले. हातोडी हातातच.

"किती?"

"तीन सुपं."

मला वाटलं आता ओरडतील, मी त्याची तयारी करून उभी होते. पण ते वळले आणि आत्ताच ठोकलेलं गोणपाट ओढून काढलं. मग दुसरं. ताडपत्री सोडली, तिची नीट घडी घातली. घोडीला बाहेर काढून आंब्याखाली बांधली आणि तिला खरारा करत बसले, तासभर तरी. मला हायसं वाटलं. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं तोंड का शिवून बसलीस, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. जावयाला करतात तसा आलं घातलेला चहा केला आणि बाहेर घेऊन गेले.

त्यांनी कप घेतला नाही.

"तो काळा," ते म्हणाले. "ह्या घोडीच्या आधीचा. तो पण असाच खोकायचा."

मी म्हटलं, हो.

"त्याला पण मी आतच बांधायचो गं. गोणपाटं लावून." घोडीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत होता. "खोकतो म्हणून दिला त्याला. खालापूरच्या वीटभट्टीवर, विटा ओढायला. आठच वर्षांचा होता."

घोडीने खाली मान घालून गवत ओढलं. मी कप हातात धरून उभी राहिले.

खोकणारं जनावर किती दिवस पोसायचं, देऊन टाका, म्हणून त्या काळ्यासाठी तेव्हा महिनाभर मीच त्यांच्या मागे लागले होते. ते त्यांनी उकरून काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.