पोथीत फुटलेली सुपारी

आमच्याकडं श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. शिरूर अनंतपाळच्या आसपास कुठंही जा, वाचणारा कसाही चालतो, सांगणारा मात्र खणखणीत लागतो. आमच्या गावचे सांगणारे म्हणजे माझे वडील, आबा. शेतकरी माणूस, शाळा जेमतेम, पण सूर्यवंशातल्या त्या सत्त्वाच्या राजाची कथा लागली की बाया पदर तोंडाला लावून रडायच्या. स्वप्नात ऋषीला राज्य दान केलं आणि सकाळी उठून खरोखर देऊन टाकलं, तो राजा. आबाही शब्दाचे पक्के. म्हणून गाव त्यांनाच ‘राजे’ म्हणायचं, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला. आबांना ते आवडायचं. मला तर त्याहून आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मी बारावी झाले त्या वर्षीची गोष्ट. लातूरला नर्सिंगला माझा नंबर लागला होता आणि मी बॅगसुद्धा भरायला घेतली होती. त्या संध्याकाळी राज्यदानाचा अध्याय होता. आबा असे रंगात आले की विचारू नका. “राजा म्हनला, मुनिवर, मागा! तुम्ही मागायचं, म्या द्यायचं!” देऊळ गच्च भरलेलं. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि आबांचे जोडीदार हसत हसत उभे राहिले. त्यांच्या शेताला आमच्या शेताचा बांध लागतो, लहानपणापासूनची दोस्ती.

“राजे, मंग आमचं बी एक मागनं हाय.”

“माग की!” आबा अजून पोथीतच होते.

“तुझी लेक माझ्या पोराला दे.”

“दिली!”

झालं. कुणीतरी पळत जाऊन अडकित्ता आणला आणि मारुतीपुढं सुपारी फुटली. आमच्याकडं सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या गालावरून हात फिरवून कुणी बोटं मोडली, कुणी म्हणालं, “नवरी लाजली बघा!” लाजतेय कसली! मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भरल्या देवळात कालवड दान द्यावी तशी मला देऊन टाकली होती, आणि लोक त्याला भक्ती म्हणत होते.

पोरगा वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. शांत होता, कष्टाळू होता. पण मला लातूरला जायचं होतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, “आबा, माझ्या शिक्षणाचं काय?”

“शब्द गेला, माय.”

“मला विचारलं का कुणी?”

आईनं ताट आदळलं. “लई राजे झालाव! त्या राजाकडं राज्य तरी व्हतं द्यायला. तुम्हाला लेकच सापडली का?” आबा जेवले नाहीत. मी रागारागानं बॅगेतले कपडे काढून फळीवर ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय. राजा काशीच्या बाजारात राणीला नि लेकराला विकायला उभं करतो, तो. मी जाणारच नव्हते, पण आई म्हणाली, “तोंड लपवायला तू काय चोरी केलीस? चल.” वाचणाऱ्यानं ओवी वाचली. आबांनी सुरुवात केली, “मंग राजानं रानीचा हात धरला...” आणि थांबले. वाचणाऱ्याला वाटलं विसरले, त्यानं ओवी पुन्हा वाचली. आबा पुन्हा तेवढंच म्हणाले, “रानीचा हात धरला...” पुढचं येईना. त्यांची नजर फिरत फिरत बायकांकडं आली, माझ्यावर थांबली. मग ते उठले, जोडीदारापुढं गेले, डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या पायावर ठेवली.

“माझा शब्द माघारी दे, बाबा. पोरीला शिकायचंय.”

“काय बोलायलास तू?” जोडीदार म्हणाले. “देवापुढं सुपारी फुटली. सोयऱ्याधायऱ्यांत म्या आता काय तोंड दाखवू? आन् सत्त्व सांगनारा तू!”

मागून कुणीतरी ओरडलं, “राजा बाजारातून पळाला रे!” आणि लोक हसले. आदल्या दिवशी ज्याच्या बोलण्यावर रडले, त्यालाच हसले!

आबांचं उघडं डोकं मी तोवर चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं. टक्कल पडलेलं, कपाळावर टोपीचा वळ. मी सुटले होते, मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच इतकी लाज वाटली की मान वर होईना. माझ्यापायी हा माणूस गावापुढं वाकला होता. जोडीदार टोपी ओलांडून निघून गेले. आबांनीच ती उचलली, झटकली आणि घातली.

त्यानंतर ते पोथी सांगायला बसले नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. “शब्द मोडलेल्यानं सत्त्वाची कथा सांगू न्हाई,” असं स्वतःच म्हणाले. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बांध तेवढा सामायिक राहिला.

मी लातूरला शिकले, तिथंच दवाखान्यात नोकरीला लागले. श्रावणात गावी जाते. नवा सांगणारा घाईघाईनं अर्थ उरकतो, आबा दाराशी चपलांजवळ बसून ऐकतात. “या राजे!” असं अजून कुणीतरी मुद्दाम म्हणतं आणि माझी कानशिलं तापतात. भांडावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडानं भांडू?

यंदा देवळातून घरी येताना शेवटी बोललेच. “आबा, माझ्यामुळं तुमचं नाव गेलं. मला लई लाज वाटते.”

ते म्हणाले, “शब्द मोडला त्याची मला बी वाटती. न्हाई कशी? पर ती गावापुढची. तुझ्यापुढची येगळी हाय.” वळणावर थांबून पुढं म्हणाले, “दिली म्हनलो ना माय, तवा मला लई भारी वाटलं व्हतं. समदं देऊळ माझ्याकडं बघत व्हतं. म्या तुझ्याकडं बघितलंच न्हाई.”

घर आलं तरी मला त्यांच्याकडं बघवेना.