राजीनाम्याची वेलांटी

बाईला दिवस गेले की तिच्या नोकरीबद्दल तिला सोडून सगळ्यांनाच मत कसं काय असतं, सांगाल का मला? तुमचंही असेल. जरा गिळून ठेवा. आधी हिची हकीकत ऐका.

हिला छापखान्यात ‘वेलांटी’ म्हणतात. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, जी तुम्ही न वाचता फेकता, ती ही वाचते. छापायच्या आधी, चुका काढायला. आणि वाचते उलटी, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक हातावर तुरी देते, असं तिचं म्हणणं. ऱ्हस्व-दीर्घावरून तिने मालकाच्या मेहुण्यालाही सोडलं नाही, तेव्हापासून हे नाव पडलं.

आधी सहा वर्षं ती बारक्या छापखान्यांत रोजावर राबली. काम संपलं की घरी. नेमणुकीचं पत्र हातात देणारी ही पहिलीच नोकरी. ते पत्र तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. रुजू झाली आणि दोन महिन्यांनी दिवस गेल्याचं कळलं. रुजू होताना तिलाच ठाऊक नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘लपवून आली’ हे वाक्य छापखान्याच्या ऑफिसात नंतर मी या कानांनी ऐकलंय.

छापखान्यात बातमी फुटली तेव्हा मशीनवाला ओरडला, “अरे, आपल्या वेलांटीचा उकार झाला की!”

“ऱ्हस्व की दीर्घ ते दवाखान्यात कळेल,” ही म्हणाली. “तुम्ही शाईकडे बघा, पुसट येतेय.”

हसणं तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी बोलावलं. “अहो, उमेदवारीचा काळ अजून संपला नाही आणि तुम्ही रजा मागणार? बरं दिसतं का? त्यापेक्षा राजीनामा द्या. बाळ मोठं झालं की या परत. दार उघडंच आहे.”

ती घरी आली. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. स्वभावाने वाईट नाही, पण घाबरट.

“सोडून दे,” तो म्हणाला. “त्यांनी काढलं तर नाचक्की. आपण होऊन सोडलं तर मान राहतो.”

“कोणाचा?”

“आपला.”

“नोकरी माझी आणि मान आपला होय?”

सासू शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. “मलाही सूतगिरणीत म्हणाले होते, दार उघडं आहे म्हणून. तेव्हा पोटात होता तो आता लिफ्टची दारं उघडत फिरतोय. माझं काही अजून उघडलं नाही.” मग शेंगेचं टरफल टाकत म्हणाली, “पण अगं, पोराला सांभाळायला माझ्या गुडघ्यांवर भरवसा ठेवू नकोस. आधीच सांगते.”

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. रजा मागितली तर कायम करणार नाहीत ही भीती. राजीनामा दिला तर पुन्हा रोजावर. ती माझ्याकडे आली. कामगार कचेरीच्या व्हरांड्यात जो बाक आहे, त्यावर बसून मी लोकांचे अर्ज लिहिते. शिक्षण सातवी, बाकीचं या बाकाने शिकवलं.

“ताई, आल्या आल्या हात पसरायचा म्हणजे लाज वाटते,” ती म्हणाली.

मी भडकलेच. “हात कोण पसरतंय? नेमणुकीच्या पत्रात रजेचं कलम आहे ना? मग मागून घे!”

“मागायची की नाही ते ठरवू द्या मला. तुम्हीही मॅडमसारखंच करताय.”

लागलं मला. पण बरोबर बोलली.

नऊ दिवस तिचं ठरेना. दहाव्या दिवशी मॅडमनी तयार मजकूर आणून तिच्या टेबलावर ठेवला. “वाचून ठेवा, घाई नाही.” वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: राजिनामा. ‘जि’ ऱ्हस्व.

आता तिचा हात कसा थांबावा? तिने लाल पेन उचललं, वेलांटी दीर्घ केली आणि समासात आपली आद्याक्षरं टाकली. त्यांच्यात तशी पद्धतच आहे. चूक कोणी काढली ते कळावं म्हणून दुरुस्तीपुढे आद्याक्षरं टाकतात. खाली सहीची जागा होती, ती तिने कोरीच ठेवली.

तासाभराने मॅडम आल्या. “झालं?”

“एक चूक होती, काढली.”

“छान,” म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या.

तिला वाटलं, मजकूर दुरुस्त होऊन परत येईल, मग बघू. सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने तिला अडवलं. “बाई, तुमचं नाव यादीत नाही. राजीनामा दिलात म्हणे.”

ती तशीच माझ्याकडे आली. रडत नव्हती. बाकावर बसली आणि म्हणाली, “ताई, खरं सांगा. मला ठरवता येत नव्हतं, म्हणून माझ्या हातानेच ठरवून टाकलं असेल का?”

मी उलट विचारलं, “छापायला परवानगी कशी देता तुम्ही?”

“खाली ‘छापावे’ लिहून पूर्ण सही करतो. त्याशिवाय मशीन चालत नाही.”

“या कागदावर लिहिलंस तसं?”

“नाही.” मग बाकावरचा कोरा कागद ओढून म्हणाली, “नाही लिहिलं. आणि लिहिणारही नाही. रजेचाच अर्ज करायचाय मला.”

अर्ज तिनेच लिहिला, चार ओळींचा. मला एकही शब्द घालू दिला नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: राजीनामा मंजूर झालेल्या व्यक्तीस रजा देय नाही. आद्याक्षरं म्हणजेच संमती, असं त्यांचं म्हणणं. मग तिने कामगार कचेरीत तक्रार केली.

साक्ष द्यायला ये म्हणून मी मशीनवाल्याला गाठलं. वीस वर्षं तो ‘छापावे’ बघूनच मशीन चालू करतो. खाली बघत म्हणाला, “ताई, खरं तुमचंच आहे. पण मलाही घर आहे.” त्याला दोन शिव्या हासडाव्यात असं आलं होतं तोंडावर. त्याचा चेहरा बघून गिळल्या. नवरा आता म्हणतो, तक्रार मागे घे, पुढे कोण ठेवील तुला. तिने तक्रारीची पोच नेमणुकीच्या पत्राच्याच पिशवीत ठेवलीय. जेवण मात्र धड जात नाही तिला, आणि डॉक्टरीण बाई त्यावरून रागावतात.

बुधवारी कामगार अधिकाऱ्यासमोर सुनावणी आहे. तो विचारणार, समासातली आद्याक्षरं म्हणजे सही का? तिच्या बाजूने सांगायला अजून एकही माणूस नाही.

तेव्हा तुमचं मत राहू द्या. तुम्ही कुठल्याही छापखान्यात कधी काम केलं असेल, तर एवढंच करा. कोऱ्या कागदावर लिहा की दुरुस्तीपुढची आद्याक्षरं म्हणजे मंजुरी नव्हे. खाली नाव घाला, पूर्ण सही करा, आणि मंगळवारपर्यंत तो कागद माझ्या बाकावर आणून द्या.