केदारची पगारचिठ्ठी

वसुधाताई प्रत्येक नवा प्रोग्राम आधी आपल्या मुलाच्या नावावर चालवून बघत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माधवनगरच्या एका कापड गिरणीत त्या पगाराचे प्रोग्राम लिहायच्या. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. खऱ्या कामगारांच्या हिशेबाला हात लावण्यापूर्वी यादीत एक खोटा कामगार घालावा लागे. तो म्हणजे दुसरीतला केदार. चपला दाराबाहेर काढून, ऐन वैशाखात स्वेटर चढवून त्या संगणकाच्या गारठलेल्या खोलीत शिरत आणि म्हणत, "आज केदारला रात्रपाळी देऊ या. खाड्याचे पैसे कापतोय का बघ. कापत नसला तर प्रोग्राम लाडावलाय." चाचणी संपली की यादीतून त्याला पुसून टाकत. "जा आता घरी. अभ्यास कर."

एका हिवाळ्यात केदार मेंदूज्वराने गेला.

दिवसकार्य झाल्यावर ताई कामावर आल्या. कळांवर बोटे पूर्वीसारखीच पडत होती, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तशी. पगाराच्या दिवशी मागखात्याचे मुकादम एक चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले. "आवं बाई, ह्यो केदार कोण हाय? आमच्या खात्यात असा गडी न्हाई." शेवटच्या चाचणीतले नाव पुसायचे राहून गेले होते. ताईंनी चिठ्ठी घेतली, तिची हळुवार घडी घातली. "माझ्याकडचा आहे," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत; साताऱ्याला सासरी निघून गेल्या.

गिरणीच्या साहेबांनी त्यांची जागा भरली नव्हती. परत या, असा साहेबांचा निरोप घेऊन मी अधूनमधून साताऱ्याला जाई. सासूबाई चहाचा कप पुढे करत म्हणत, "लय हुशार हाय माझी सून. घरात बसून गंजाय लागलीय. ने की गं तिला."

"विसरले काहीच नाही," ताई म्हणत. मेथी निवडताना त्यांची हिरवी झालेली बोटे क्षणभर थांबत. "मनात रोज एखादा प्रोग्राम चालवते. चाचणीपाशी अडते. दुसरे नाव घालायला मन होत नाही. त्याचे नाव घालता येईल आणि पुसताही येईल, त्या दिवशी समजेन, मी तयार झाले."

दुसऱ्या वर्षी, उन्हे तापू लागली असताना, त्या न कळवता आल्या. खुर्चीत बसल्या. केदारचे नाव घातले, हजेरी पूर्ण लावली. छपाईयंत्र करकरले, चिठ्ठी बाहेर आली. हिशेब बिनचूक होता. ताई हसल्या, ते हसू मी किती दिवसांनी पाहत होते.

मग नाव पुसायची आज्ञा त्यांनी दिली. नक्की पुसायचे ना, असे यंत्राने विचारले. ताईंचे बोट कळेवर अधांतरी राहिले. खोलीभर फक्त गार हवेच्या यंत्राची घरघर. अखेर त्यांनी हात मांडीवर ओढून घेतला. "तू पूस. मी बाहेर थांबते."

मी पुसले.

स्टँडवर मी म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या, ताई. साहेब थांबतील."

"नको थांबवू त्यांना. जागा भरा म्हणावं."

सातारा गाडी लागली. खिडकीच्या तापलेल्या गजांवर हात ठेवून त्या वाकल्या. "उद्या तुझं लग्न होईल, पोरंबाळं होतील," त्या म्हणाल्या. "चाचणीला कुणाचंही नाव घाल. घरातलं तेवढं घालू नको."