गार खांद्याची हकीकत

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सात वर्षं झाली. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठायचो — पाऊसपाणी, शाळा, पोरांचे मार्क. आज मात्र उठणार नाही. तुम्ही ऐकून घ्या, एवढंच.

साताऱ्याच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. एकेचाळीस साली आमच्याकडे बिरू नावाचा एक मास्तर हंगामी लागला. आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या भावकीत मॅट्रिक झालेला तो पहिलाच. शिकवायचा जीव ओतून, आणि अडलं की सरळ विचारायचा — समोर कोण बसलंय ते न बघता. मला सगळे अण्णा म्हणत, तोही म्हणायचा. शाळेत बी. ए. झालेला मी एकटा. त्यामुळं इंग्रजीतलं काहीही अडलं, तर ते मला आलंच पाहिजे, असा सगळ्यांचा समज होता. खरं सांगू? तो समज मीच जोपासला होता.

इन्स्पेक्टर साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर बिरूचा नमुना पाठ, आणि पाठ पसंत पडला तर नोकरी कायम. आदल्या दुपारी तो धडा घेऊन शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे आला. धड्यात एका माणसाला त्याचे जुने मित्र 'कोल्ड शोल्डर' देतात. म्हणजे त्याला मुद्दाम दूर ठेवतात, ओळख दाखवत नाहीत. अर्थ बिरूला ठाऊक होता. पण गार खांदाच का? साहेबांनी विचारलं तर?

मला माहीत नव्हतं. तेवढं म्हणायला काय जात होतं? मी चष्मा पुसत बसलो, तेवढ्यात तोच म्हणाला, "आवं अण्णा, ह्यो खांदा मटनाचा तर नसंल? आमच्यात मानाचा पाव्हणा आला की ताजं कापत्यात. अन् नको झालेला पाव्हणा उठंनाच, तर सकाळचा गार फरा, म्हंजी खांद्याचं मटन, म्होरं सारायचा. न बोलता कळतंय बगा त्येला!"

"अरे गड्या, ही साहेबाची भाषा आहे," मी म्हणालो, "तुमचा मेंढरांचा तळ नव्हे."

खोलीतले सगळे हसले. बिरूही हसला — जरा उशिरानं. आणि मग, त्या हसण्याच्या जोरावर, मी एक इतिहास रचला. म्हटलं, जुन्या काळी विलायतेचा राजा दरबारात मर्जीतल्या सरदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा. ज्याच्यावर मर्जी नाही त्याला हाताची ऊब मिळायची नाही, त्याचा खांदा गारच राहायचा. राजाचं नावही सांगितलं. सालसुद्धा! बिरूनं ते वहीत टिपून घेतलं. मी बघत होतो. थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठ सुरेख चालला होता. साहेब मागच्या बाकावर, हेडमास्तर आणि मी त्यांच्या शेजारी. बिरूनं खडू ठेवून राजाची गोष्ट सांगितली, मुलं रंगून गेली. साहेबांनी मान वर केली. ही माहिती कुठल्या पुस्तकातली? बिरूनं खडू पुन्हा उचलला. त्यानं माझं नाव घेतलं नाही — हे नीट ऐका, नाव घेतलं नाही — नुसतं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी ती नजर टिपली आणि मला विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का याबद्दल?

मी म्हणालो, "मला माहीत नाही, साहेब."

आदल्या दिवशी हेच शब्द खरे होते, तेव्हा तोंडातून फुटले नाहीत. आता खोटे होते, तर किती सहज आले!

शेरा पडला : मनची माहिती खरी म्हणून मुलांना सांगतात, नेमणुकीस योग्य नाहीत. आठवड्यात बिरू गेला. जाताना माझ्याकडे न बघता पुढं गेला. मीही दप्तरात डोकं घालून बसलो.

पुढं सांगलीला बहिणीकडे गेलो असताना वाचनालयात शब्दांच्या जन्मकथांचं एक इंग्रजी पुस्तक हाती आलं. त्यात होतं — नकोशा पाहुण्यापुढं विलायतेत मेंढीच्या खांद्याचं गार मटण ठेवत, त्यावरून हे आलं, असं लोक सांगतात. खाली टीपही होती, की याला पक्का पुरावा नाही. नुसता पाठ फिरवण्यावरूनही आलं असेल. म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही. पण माझा राजा कुठंच नव्हता. आणि ज्याला मी हसलो, त्याची गोष्ट तिथं छापलेली होती.

त्यानंतरही मी चार वर्षं गप्प राहिलो. हेही सांगून ठेवतो.

गेल्या महिन्यात शिक्षणखात्याला अर्ज लिहिला : ती थाप माझी, साहेबांपुढं खोटं बोललो तोही मीच. अर्ज टपालात टाकला आणि त्याची नक्कल घेऊन आटपाडीला गेलो. बिरू विहिरीवर मेंढरांना पाणी दाखवत होता. कागद त्यानं उभ्यानंच वाचला, सावकाश, शेवटपर्यंत.

"झ्याक लिवलंय," म्हणाला. "तवा लिवाय पायजे हुतं. आता मास्तर व्हायचं वय ऱ्हायलंय व्हय माजं?"

कागद घडी करून मुंडाशात खोचला आणि पुन्हा मोट धरली. बस म्हणाला नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती त्यानंच मला द्यायची, म्हणजे आणखी एक काम त्याच्याच गळ्यात.

परतीच्या मोटारीत मला झोप लागली. सात वर्षांत लागली नव्हती अशी. म्हसवडला क्लीनरनं खांदा हलवून उठवलं, तेव्हा कुठं आहे तेच क्षणभर कळेना. खात्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नोकरी जाईल कदाचित. तरी जेवण जातं, झोप येते. मी सुटलो. बिरूचं काही सुटलेलं नाही, तेही मला ठाऊक आहे.