हद्दीचा दगड आणि गाऱ्हाणं

तो दगड मी आजही विसरू शकलेलो नाही. भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते आणि मी पेडण्यात फौजदार होतो. तालुक्याच्या उत्तर टोकाला, काजूच्या बागेतला गोवा-महाराष्ट्र हद्दीचा दगड कुणीतरी उपटून नेला. कोकणीवाद्यांचा गट रोज त्या दगडाला हार घालायचा, महाराष्ट्रात जाऊ पाहणारा मराठीवाद्यांचा गट तिथेच येऊन निषेधाच्या घोषणा द्यायचा. आता दोघेही काठ्या घेऊन ठाण्यावर आले.

संशय गावातल्या मराठी शाळेच्या मास्तरावर गेला. ‘हा दगड उपटून फेका,’ असं तो भर सभेत बोलला होता. मी त्याला ताब्यात घेतलं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची नोकरी गेलीच असती. त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसून राही. मला तिच्याकडे बघवत नसे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ विकणारा आमचा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, “सायबा, दगड गेल्यापसून बागेचो म्हातारो देवचाराकडे दिवो लावूक वचना.”

देवचार म्हणजे गावाची शीव राखणारा देव. त्याचा दिवा चुकवणारा माणूस नव्हे तो म्हातारा. चौकशीत म्हाताऱ्याने मला गूळपाणी दिलं आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, “माका खबर ना.”

मी डिचोलीचा, देवापुढे मोठ्याने घातलेल्या गाऱ्हाण्यांत वाढलेला; तिथे खोटं बोलायला माणूस कचरतो, हे मी जाणून होतो. मी त्याला देवचाराच्या जागी नेलं आणि चोर सापडावा, देवाने त्याला शिक्षा करावी, असं गाऱ्हाणं घालायला सांगितलं. पुरावा म्हणून याला काडीची किंमत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

“बा देवा म्हाराजा,” त्याने सुरुवात केली. माझ्याबरोबरचे शिपाई रीतीप्रमाणे म्हणाले, “होय म्हाराजा!”

“हो दगड जेणी काडलो, तेका...” पुढे शिक्षा मागायची होती. त्याने जोडलेले हात सोडले आणि तो माझ्याकडे वळला.

“मास्तराक सोडा. दगड मीयां काडलंय. हयसरच्या दगडफेकीत पलीकडच्या माझ्या भावाचा डोक्या फुटला. दगडच नसलो तर भांडतले कित्याक?”

त्याच्या गोठ्यातून पंचनामा करून दगड जप्त केला. मास्तर त्याच दिवशी सुटला. म्हाताऱ्याला कोर्टाने समज देऊन सोडलं.

दगड पुन्हा बसवायला दोन्ही राज्यांचे पोलीस हजर होते. पलीकडून म्हाताऱ्याचा भाऊ आला, डोक्याला पट्टी बांधून. पेडणे आधी सावंतवाडीकरांचं, मग पोर्तुगीजांचं, मग मुक्त गोव्याचं. या दोन भावांचं कुळ मात्र तिथेच काजू वेचत राहिलं. हद्द राखणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. पण ती कुणाच्या अंगावरून जाते, हे तोवर मी कधी पाहिलंच नव्हतं.

दगड उचलण्याआधी म्हाताऱ्याने माझी परवानगी मागितली आणि देवचारापुढे हात जोडले. “ह्या शिवेच्या दोनय बाजूंच्या लेकरांका सांभाळ रे म्हाराजा!”

दोन्हीकडच्या शिपायांनी टोप्या काढल्या आणि एका आवाजात म्हणाले, “होय म्हाराजा!”

गर्दीत उभा असलेला मास्तरही म्हणाला. मीही म्हणालो.