कच्चा सॉस आणि चालू माग

माझ्या गोष्टी ऐकायला माग बंद करणारा सोलापुरात एकच माणूस होता. चालता माग बंद करणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी टॉवेलचे माग आहेत त्यालाच कळतं. सोयरे आले तरी कोणी तो थांबवत नाही. हात वर करतात, खुणेनं स्टूल दाखवतात, बस. पण मी शेडच्या दारात दिसलो की माझा हा दोस्त हँडल ओढायचा, खडखडाट थांबायचा आणि तो म्हणायचा, "बोला मालक. आज कुटल्या देशात?"

मी बहुतेक इटलीत असायचो.

तरुणपणी मी नऊ महिने गावातून गायब होतो. परत आल्यावर सांगितलं की बोटीवर आचारी होतो आणि सगळा उन्हाळा इटलीच्या एका बंदरात काढला. खरं म्हणजे मुंबईत गोदीबाहेरच्या एका कॅन्टीनमध्ये पातेली घासत होतो, आणि तिथूनही हाकलला गेलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लिहितोय.

त्या बंदरातली टोमॅटोच्या सॉसची कढई मी तीस वर्षं चुलीवर ठेवली. पहिल्या वर्षी ती लग्नघरातल्या कढईएवढी होती. दहाव्या वर्षी चार खलाशी होडीत बसून वल्ह्यांनी ती ढवळू लागले. पुढं पुढं तर पलीकडच्या काठावरचा आचारी दिसेनासा झाला, वाफेतून नुसत्या त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. सॉस तीन दिवस तीन रात्री रटरटायचा. एकदा एक जण आत पडला, तो इतका लाल होऊन निघाला की बायकोनं त्याला आवाजावरून ओळखलं.

"कढई जरा बारकी कर की," दोस्त डोळे पुसत म्हणायचा.

"बारकी केली तर बंदर उपाशी मरंल."

फुगवलेलं त्याला कळायचं. पण आतली बोट खरी, इटली खरी, असं तो धरून चालला होता. म्हणून तर त्याच्या मुलीला कापडाच्या डिझाइनचं शिकायला इटलीत प्रवेश मिळाला तेव्हा घरातले सगळे नको म्हणत असताना तो एकटा म्हणाला, "घाबरायचं काय? आपला मानूस राहून आलाय की तितं." मी शेजारीच बसलो होतो. मान डोलावली.

यंदा मे महिन्यात पोरगी सुट्टीला आली. दोस्ताचा फोन आला, "आज माग बंद. पोरगी तुझ्या इटलीचा सॉस करतीय. तू शेजारी उभा ऱ्हा, चुकली तर सांग."

सोलापूरचं ऊन असं की सात रस्ता चौकातून त्याच्या घरापर्यंत जाईस्तोवर माझी सावलीसुद्धा दोनदा टेकायला बसली. स्वयंपाकघरात शिरलो आणि ऐटीत म्हणालो, "आधी मोठी कढई काढा."

पोरगी हसली. "कढई कशाला काका? गॅससुद्धा पेटवायचा नाही. उन्हाळ्यात हा तिकडं कच्चाच करतात. तुम्ही उन्हाळ्यातच होता ना?"

"व्हय व्हय, कच्चाच," मी म्हणालो. "तुझी परीक्षा घेत होतो."

दोस्त मोठ्यानं हसला. तेवढं एकदा हसला.

तिनं पिकून मऊ झालेले टोमॅटो बारीक चिरले, मीठ लावून चाळणीत ठेवले, सुटलेलं पाणी जाऊ दिलं. लसणाची पाकळी ठेचून टाकली. तिकडून टॉवेलात गुंडाळून आणलेल्या बाटलीतलं ऑलिव्हचं तेल ओतलं. मग विचारलं, "तुम्ही कुठली पानं घालायचात काका?"

"कोथिंबीर," मी ठासून सांगितलं.

तिच्या हातात दर्ग्याबाहेरच्या फुलवालीकडून आणलेली सब्जाची जुडी होती, गुलाबांबरोबर मिळते ती; तिकडं त्यालाच बेसिल म्हणतात. तिनं जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घालतात कुणी कुणी," ती म्हणाली, आणि सब्जाची पानं हातानं तोडून टाकू लागली. ते 'कुणी कुणी' मला अजून टोचतं. पोरीनं माझ्यावर पांघरूण घातलं, तेही बापासमोर.

अर्धा तास मुरवून तो सॉस आम्ही कडक भाकरीच्या तुकड्यांवर घालून खाल्ला. तिकडं म्हणे शिळ्या पावावर घालतात. गार, आंबट, लसणाचा हलका चटका. वाईट झाला असता तर मी त्यात शंभर चुका काढल्या असत्या. पण तो चांगला होता.

दोस्त बराच वेळ एकच घास चावत राहिला. "शिजवायचंच न्हाय ह्याला?"

"थंडीत शिजवतात पप्पा. तासभर, फार तर दोन."

"मग ती कढई?" हे त्यानं मला विचारलं नाही, ताटाला विचारलं.

तीस वर्षं मला जागच्या जागी उत्तर सुचत आलं होतं. त्या दिवशी एवढंच सुचलं, "ती बोटीवरची. वेगळी." त्याला सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत बारकी कढई होती.

"काका, अजून वाढू?" पोरगी म्हणाली.

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना माझ्याकडे उत्तरं होती. त्यानं 'आपला मानूस' म्हटलेलं परत काढलं असतं तरी मी कसंतरी निभावलं असतं. पण तो मी निघताना दारापर्यंत आला, "ऊन लई हाय, टोपी घाल," म्हणाला.

आठवड्यानं मी शेडवर गेलो. या वेळी खरीखुरी गोष्ट होती. मोडनिंबजवळ टोमॅटोचा टेम्पो उलटलेला मी स्वतः पाहिला होता, रस्ता लाल झाला होता, आणि त्यात एक टोमॅटोसुद्धा मी जास्तीचा घातला नव्हता. दारात उभा राहिलो. दोस्तानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात हँडलकडे गेला असं मला क्षणभर वाटलं.

त्यानं हात वर केला आणि खुणेनं स्टूल दाखवलं.