गार्डसाहेबांचं मिक्स्चर

अप्पा गेल्याची बातमी मला अकोल्यात कळली. जठारपेठेत माहेरी आले होते, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात अमरावतीहून फोन आला. तो घेऊन मी घरी आले नि दारातच बसले. आईनं काय झालं म्हणून विचारलं. "अप्पा गेले," मी म्हटलं. आई हळूच म्हणाली, "काय घेतलं होतं व्याह्यानं?" ... रडता रडता मला हसू आलं. अप्पा काहीएक न घेता, दुपारच्या झोपेत, वय झालं म्हणून गेले होते. पण ज्यांनी त्यांना पूर्वी पाहिलं होतं, त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार होता. आता महिना उलटून गेला तरी भेटायला येणारे आडवळणानं तेच विचारतात.

अप्पा माझे सासरे. बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. मी सून म्हणून आले तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन अमरावतीत राहायला आले होते आणि हाताला काम नसल्यामुळे सगळ्यांच्या तब्येती पाहात होते. त्या वेळी दवाखान्यातून पातळ औषध बाटलीत मिळायचं. बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची. एक खाच म्हणजे एक डोस. बरं वाटलं की तळाशी थोडं उरायचं, आणि लोक ते मोरीत ओतून बाटली धुऊन ठेवायचे. अप्पांना ते पाहवत नसे. औषध टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी ताटात अन्न टाकणं. घरात आणि शेजारीपाजारी जे जे उरेल ते सगळं ते एका मोठ्या बाटलीत ओतत. त्या बाटलीतल्या द्रवाचा रंग दर महिन्याला बदलायचा. कधी चहासारखा, कधी नदीला पूर आल्यासारखा. सासूबाई म्हणायच्या, "हे पेयाचं हाय का जमीन सारवायचं?"

मला शिंका आल्या तेव्हा अप्पांनी तीच बाटली पुढे केली. मी भीत भीत विचारलं, हे नेमकं कशावर आहे? ते म्हणाले, "सगळ्यावर. सर्दीचं सर्दीकडे जाते, पोटाचं पोटाकडे. गाडीत शंभर पाशिंजर बसले तरी जो तो आपल्याच टेशनावर उतरते का नाही?" मी आजवर असा बिनतोड युक्तिवाद ऐकला नाही. सासूबाईंनी मागून खूण केली आणि मी तो डोस तुळशीत नेऊन ओतला. तुळस काही दिवस रुसली होती. गोळ्यांच्या बाबतीतही त्यांची स्वतःची रीत होती. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या ते सकाळीच एकदम घेत, म्हणजे दिवसभर मोकळं. आणि ताप उतरला की उरलेल्या डबीत. "ताप गेला, आता गोळी कोनाले मारनार?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. समोर करीमभाईंचं गादीचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजून त्यांना कायमचा खोकला. अप्पांची आणि त्यांची फार दोस्ती. एका सकाळी करीमभाई आमच्या ओसरीवर येऊन बसले ते खोकतच. "गार्डसाहब, कपास छाती में जाके बैठी." अप्पा लगबगीनं आत गेले. बाटली संपत आली होती. तळाचा घट्ट भाग त्यांनी अर्धा कप ओतला आणि अभिमानानं म्हणाले, "तुमचं नशीब चांगलं. सारं सत्त्व खालीच उतरून राहते." करीमभाईंनी डोळे मिटून कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि दुकानात गेले.

दुपारच्या आत सकीनाभाभी, म्हणजे त्यांची बायको, रस्ता ओलांडून धावत आल्या. "भाई, ये उठ नहीं रहे." आम्ही गेलो तर करीमभाई पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर आडवे. घोरणं संथ, आणि दोन घोरण्यांच्या मधे इतकी शांतता की आपलाच श्वास अडकावा. पाणी मारलं, हलवलं, हाका मारल्या. डोळे उघडेनात. गल्लीतल्या डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. त्यांनी पापणी वर करून पाहिली, नाडी धरली आणि विचारलं, "काय घेतलं यांनी?" सगळे अप्पांकडे पाहू लागले.

"मिक्स्चर," अप्पा म्हणाले.

"कोणतं?"

"आमचं."

"आमचं म्हणजे? त्यात काय काय होतं?"

अप्पा आठवू लागले. "एक खोकल्याचं होतं. एक पोटदुखीचं. हिचं झोपेचं होतं, ते बरंच होतं... आन् एक दर्यापूरच्या भावाकडून आनलं होतं. ते त्याचं होतं का त्याच्या म्हशीचं, ते विचारावं लागीन."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अप्पा, नावच माहीत नसेल तर मी उतारा कशावर देऊ?"

टांगा मिळेना. शेवटी करीमभाईंनाच त्यांच्या अर्धवट भरलेल्या गादीवर घालून हातगाडीवरून मोठ्या दवाखान्यात नेलं. गादी कोणा लग्नघरची होती. वाटेत ते लोक भेटले, त्यांनी आपलं कापड ओळखलं आणि तेही मुकाट्यानं गाडी ढकलू लागले. अप्पा पुढे होते, अनवाणी. दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. सकीनाभाभी एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. तेच अप्पांना जड जात होतं. फार वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "भाई, क्या था उसमें?" अप्पा म्हणाले, "भाभी, मलेच मालूम नाही." मग खाली बघत म्हणाले, "सारी नोकरी मी बिनचिठ्ठीचं पार्सल डब्यात घेतलं नाही. आन् दोस्ताच्या पोटात..." डॉक्टरबाईंनी नंतर समजावून सांगितलं की, वेगवेगळी औषधं एकत्र केली की एखादं खाली गाळासारखं बसतं. वरचे घोट पाण्यासारखे निघून जातात आणि जोर सगळा शेवटच्या घोटात येतो. अप्पांचं सत्त्व ते हेच.

दिवस मावळताना करीमभाईंनी डोळे उघडले. आम्ही सगळे खाटेभोवती. त्यांनी छताकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि जड जिभेनं म्हणाले, "गार्डसाहब... खोकला गया." सकीनाभाभी पदर तोंडाला लावून हसू लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर त्यांनी बाटलीत उरलासुरला गाळ अंगणात ओतायला नेला. सासूबाईंनी अडवलं. "लिंबाखाली नका ओतू. त्यानं तुमचं काय केलं?" मग आवाराच्या कडेला खड्डा खणून त्यांनी तो पुरला. अंत्यविधीला असावं तसं आम्हा सगळ्यांना उभं केलं होतं.

त्यानंतरचे अप्पा आधीच्या अप्पांपेक्षा जास्त त्रासदायक होते. डॉक्टरबाईंसमोर ते पेन्शनरांच्या चिकाटीनं बसत. गोळीचं नाव काय, कशासाठी, जेवणाआधी का जेवणानंतर, याच्याबरोबर दुसरं काय चालत नाही, विसरली तर दोन घ्यायच्या का, आणि बंद कधी करायची? बाहेर रांग वाढायची. घरातल्या प्रत्येक बाटलीवर नाव आलं, इतकं की एकदा गोडेतेलावर 'पोटात घेण्याचे' आणि घासलेटावर 'पोटात न घेण्याचे' असं लिहिलेलं सापडलं. लहानपणी मला पेनिसिलिनच्या इंजेक्शननं अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता, हे मी त्यांना सहज सांगितलं, आणि ते आमच्या घराचं आडनावच झालं. लग्नात, बारशात, एसटीत, कोणी भेटलं की ओळख करून देत, "हे आमची सून. इले पेनिसिलिन चालत नाही." मी लाजेनं अर्धी व्हायची. पण माझ्या बाळंतपणात ताप चढला आणि नवी नर्स सुई भरून आली, तेव्हा दाराबाहेरून तेच वाक्य खणखणीत ऐकू आलं. नर्स थांबली. सुई बदलली... मी ग्लानीत होते, मला बोलता आलं नसतं.

अप्पांच्या तेराव्याला दर्यापूरकडची एक म्हातारी, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं, माझा हात धरून म्हणाली, "तूच का वो, ते पेनिसिलिनवाली?"

परवा संध्याकाळी करीमभाई ओसरीवर येऊन बसले. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, इंग्रजीही नाही, आणि दवाखान्यातून आलं की औषधाची पुडी अप्पांच्या हाती द्यायची, अशी त्यांची सवयच पडून गेली होती. थोडा वेळ ते अप्पांच्या रिकाम्या बाजेकडे पाहात राहिले. मग खिशातून पुडी काढली आणि माझ्यासमोर धरली. "बेटी, तू पढ." मी नाव वाचलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. कशाची तरी वाट पाहात होते. आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हे कधी बंद करायचं, ते इचारलं का तुमी?"

करीमभाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग चपला घातल्या आणि विचारायला परत दवाखान्याच्या वाटेला लागले.